काठाजवळची बोटभर फट

११ मे
घनश्याम मिस्त्री सकाळी सहाला आला, बायको सुगरताला घेऊन. नऊपर्यंत काम, मग संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात टाइल हातात धरवत नाही. हे त्याने मला असं समजावलं, जणू मी फुलचूरला काल राहायला आले. म्हटलं, तू काम बघ, ऊन मी बघते.
मुलाला, अभयला, पुण्यात बसून हे घर विकायचं आहे. बघायला आलेल्या गृहस्थांनी अंगणातल्या पोहायच्या टाकीत डोकावून नाक मुरडलं. "पहले पूल ठीक करवाइए आंटी, फिर बात करेंगे." आंटी म्हणे! नवरा, मधुकर, गेल्यापासून दोन वर्षं टाकी कोरडी आहे. गुडघे दुखायचे, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून बांधली होती त्याने. कॉलनी हसली होती.

१२ मे
घनश्याम हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवत जातो. घट्ट असली की टण्, सुटलेली असली की बद्. सुटलेलीवर खडूची फुली. मी आत जाऊन बसले. पोहणं झालं की मधुकर अंगठी अशीच काठावर वाजवायचा. म्हणजे टॉवेल आण. तोंडाने हाक मारली असती तर काय झिजलं असतं?
त्या दिवशीही वाजवली. मी पोचेपर्यंत काठाचा दगड त्याच्या हातात आला होता. दगडासकट मागे गेला. डोकं पायरीवर.
पुढचं नको.

१४ मे
दुपारी दोन. टाकीत कोणी नसताना टक्. थोड्या वेळाने पुन्हा. ओसरीत पडलेल्या सुगरताला विचारलं. "टाइल सुटून राहिली, बाई. आत पाणी नाही, मंग उन्हानं फुगते न सुटते." कारण कळलं. तरी प्रत्येक टक्‌ला उठते. आज दोनदा टॉवेल हातात होता.

१६ मे
तो दगड भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. दोन वर्षांत मी हात लावलेला नाही. घनश्यामने उचलला. "हा काऊन वेगळा ठेवला, बाई? चांगला आहे, बसवून देतो." सांगितलं कोणता दगड तो. आणि कोणाचं काम तेही. देवरीकडचा दसाराम मिस्त्री.
त्याने दगडाची कड अंगठ्याने पुसली. मग, "दसाराम माझा उस्ताद होय. इकडं त्याले आता कोणी काम देत नाही."
बरोबरच आहे, म्हटलं. मीच सांगितलंय सगळ्यांना. तेराव्याला इथेच अंगणात, भर मांडवात सांगितलं, ह्याच्या हातून माझा नवरा मेला. ठेकेदाराला फोन करूनही तेच सांगितलं.
घनश्यामने दगड होता तसा परत ठेवला. फार हळू ठेवला.

१८ मे
"बाई, जरा इकडं येऊन पाहा."
काठाचे दगड आणि अंगणातली फरशी यांच्यामध्ये मिस्त्री बोटभर फट सोडतो, तीत रबरासारखा मऊ मसाला भरतो. फरशी उन्हात फुगते, तिला सरकायला जागा हवी. इथे मऊ मसाल्याच्या वर सिमेंट. कडक. टाकीभर चारी बाजूंनी.
"उस्तादनं जागा सोडली होती. मागून कोणीतरी बुजवली. दर उन्हाळ्यात फरशी दगडाले ढकलत राहिली, बाई. सुटनारच नं. कोणं भरलं जी हे?"
मी म्हणाले, माळ्याने भरलं असेल.

१९ मे
माळ्याने भरलं. मी उभं राहून भरून घेतलं. फटीतून मुंग्या निघायच्या, गवत उगवायचं, घाणेरडं दिसायचं. मधुकर म्हणाला होता, "असू दे ग, दसारामने मुद्दाम ठेवलीय." मी म्हणाले, मला शिकवू नकोस.
मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. कालव्याच्या अस्तराचे नकाशे काढले. दर नकाशात ठरावीक अंतरावर सांधा आणि शेजारी माझ्या अक्षरात, "फट मोकळी ठेवावी". अक्षराबद्दल साहेबांनी शाबासकीही दिली होती.
स्वतःच्या अंगणात मुंग्या दिसल्या मला.

२२ मे
सुटलेल्या सगळ्या टाइल निघाल्या. आता वाजायला काही उरलं नाही. दोन वाजता टक्.
सुगरता म्हणाली, "काहीच नाही वाजलं, बाई. तुमाले ऊन लागलं का?"
कॉन्व्हेंटात चूक झाली की बाकावर उभं राहून वर्गाला ऐकू जाईल असं सांगावं लागे. मी कधी उभी राहिले नाही. माझ्या चुका होतच नसत.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. नवे दगड बसले. भाताच्या मिलमधला जुना बारदाना, गोणपाटच, ओला करून वर अंथरलाय, दर तासाला पाणी मारायचं. मीच मारते. काठावर ओली पावलं उमटतात, माझीच, आणि बघता बघता वाळतात. शेवटी त्याची उमटावीत म्हणून मधुकरची अंघोळीची चप्पल घालून फिरले. मग काढून ठेवली.
घनश्यामकडून दसारामचं गाव विचारून घेतलं. त्याने कशाला म्हणून विचारलं नाही.

२८ मे
देवरीची बस, पुढे ऑटो. दसाराम अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होता. मला पाहून उठला, खाट पुढे केली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं सगळं.
"मले ठाऊक होतं."
कधीपासून?
"तेराव्याले आलो होतो नं. तुमी बोलून राहिल्या होत्या, मी खाली मान घालून होतो. खालीच सिमेट दिसलं."
मग बोलला का नाहीस, मी ओरडले. अजूनही मीच ओरडते.
"कायले, बाई? तुमचा माणूस गेला होता."
पाणी दिलं. मग म्हणाला, "माझ्या कामाचं राहू द्या. पोरगी नागऱ्याले दिली. सासू रोज म्हणते, तुझ्या बापानं माणूस मारला. तिथं जाऊन सांगा. जमते का पाहा."

३० मे
अभयचा फोन. "आई, कशाला उकरतेस? बाबा परत येणार आहेत का?"
रोज दोन वाजता येतात, हे त्याला सांगितलेलं नाही. नुसतं म्हटलं, ते सिमेंट मी भरलं होतं.  मग, "मीटिंग आहे, नंतर बोलतो."

१ जून
नागरा. दारात दसारामची मुलगी, शेवंता. बापाचेच डोळे. मी कोण ते कळल्यावर आत पळाली. सासू बाहेर आली. शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या, बरंच झालं. मी मोठ्याने सांगितलं. दगड दसारामने नीट बसवला होता. फट मी बुजवली. माझा नवरा माझ्यामुळे गेला. दसारामवर आळ घेतला तो खोटा.
सासूने पदर खोचला. "बाप पाया पडला असन तुमच्या."
नाही, मी त्याच्या दारी गेले होते.
"दोन वर्सं सांगत होत्या त्यानं मारलं. आता म्हनता मी मारलं. कोनतं खरं मानू, बाई?"
तेव्हा तिने पुरावा मागितला नव्हता, कोणीच नव्हता मागितला. कुंपणाजवळच्या बाया हसल्या. मी तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. सासू आत गेली.
ऑटोपर्यंत शेवंता आली. तिचे हात पिठाचे होते. मागे बघत भरभर म्हणाली, "अजून एकदा याल का? सासरे घरी असतील तवा. ते आयकून घेतात."
येते, म्हटलं. ऑटो निघाला. सासरे कधी घरी असतात, ते विचारायचं राहिलं.