लॉर्न हातमोजा विसरतो

२ फेब्रुवारी, उणे अडतीस

आजपासून रोजनिशी. टोरांटो सोडून युकॉनच्या रानात आलो त्याला चौदा वर्षं झाली, पण अनुभव लिहून काढायला सवडच मिळाली नाही. बायकोला, म्हणजे मर्टलला, तसं म्हटलं. ती म्हणाली, अनुभव यायला आधी दाराबाहेर पडावं लागतं. पोस्टाच्या खिडकीत बसून बसून तिची जीभ अशी झाली आहे.

संकल्प: रोज तासभर जाळीचे बूट घालून बर्फात चालणे. रात्री दुसऱ्यांदा न जेवणे. आणि लॉर्न आपणहून बोलल्याशिवाय त्याच्याशी न बोलणे. चूक त्याची आहे.

चालायला उद्यापासून. आज फार थंडी आहे.

५ फेब्रुवारी

लॉर्न बोलला नाही. पोस्टात समोरासमोर आलो. मी मुद्दाम खोकलो. त्याने मर्टलकडून तिकिटं घेतली, तिची विचारपूस केली, आणि माझा हात चाटणाऱ्या त्याच्या कुत्रीला हाक मारून निघून गेला. कुत्रीला तरी माणुसकी आहे.

थोडा लंगडत होता. लोकांनी बघावं म्हणून असेल.

६ फेब्रुवारी, दुपार

लॉर्न माझा इथला एकुलता एक मित्र. म्हणजे तसे मित्र पुष्कळ आहेत, पण रानात बरोबर नेणारा हा एकच. दर मार्चमध्ये आम्ही त्याच्या ऑटर लेकवरच्या झोपडीत जातो. बर्फाला भोक पाडून मासे पकडायचे, मूस हरणाचा रस्सा खायचा, पत्ते खेळायचे. आठ वर्षांत एकदाही चुकलो नाही. कुत्री, त्यांनी ओढायची स्लेज, झोपडी, गळ आणि रस्सा त्याचा. सोबत माझी.

माणूस चांगला, पण विसराळू. निघताना झोपडी बंद करायचं काम माझं. पण परत यायला निघालो की हा दर वर्षी अर्ध्या मैलावर स्लेज थांबवतो. अरे वेंडेल, हातमोजा राहिला की! मग एकटाच मागे चालत जातो आणि मी कुत्र्यांजवळ कुडकुडत उभा. केव्हातरी उगवतो. सापडला का? सापडला. कोटावर लाकडाचा भुसा, तो झटकायचंही भान नाही. वय झालंय बिचाऱ्याचं. मी मात्र कधी बोलून दाखवलं नाही. मैत्रीत एवढं सांभाळून घ्यावं लागतं.

रात्रीचं दुसरं जेवण केलं. हलकंच.

९ फेब्रुवारी

भांडण कशावरून, ते एकदा स्वच्छ लिहून ठेवतो, कारण गावात माझी बाजू घेणारा कोणी नाही.

गेल्या मार्चमध्ये लॉर्नच्या मुलीचे दिवस भरले होते, म्हणून तो एक दिवस आधी कुत्री घेऊन निघाला. मला न्यायला दुसऱ्या दिवशी गावातून स्नोमोबाइल आली. झोपडी मी एकट्याने बंद केली. व्यवस्थित केली.

नोव्हेंबरात लॉर्न तिकडे गेला. तळ्याच्या बर्फावर पाणी चढलं होतं आणि त्यावर भुसभुशीत बर्फ पडून ते दिसेनासं झालं होतं. गुडघ्यापर्यंत भिजला. कसाबसा झोपडीत पोचला, तर म्हणे शेगडीत नुसती राख. एक झिलपी नाही, फोडलेलं लाकूड नाही. हात गोठल्यावर कुऱ्हाड कुठली धरवते! शेवटी माझी खुर्ची आपटून मोडली आणि जाळली. तोवर डाव्या पायाची दोन बोटं गेली.

बोटांचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण ती खुर्ची मी स्वतःच्या हाताने केली होती. तिच्याबद्दल सॉरीचा एक शब्द नाही. उलट गावभर सांगतो की ती बसायलाही कामाची नव्हती आणि जळायलाही.

मी शेगडीत आग रचून ठेवली होती. मला स्पष्ट आठवतं. निदान रचायचं ठरवल्याचं तर नक्कीच आठवतं. मागाहून कोणीतरी टुरिस्ट येऊन गेला असणार.

१३ फेब्रुवारी

नवीन शाळामास्तर थिओ याला गावच्या हॉलमध्ये गाठून रानाचे नियम समजावले. झोपडीला इथे कुलूप नसतं. कोणीही या, रात्र काढा. मात्र निघताना पुढच्यासाठी आग रचून जायची: खाली बारीक झिलप्या, वर कोरडी लाकडं, शेजारी काडेपेटी. येणारा माणूस गारठलेला असतो, त्याच्या बोटांना एक काडी ओढण्यापलीकडे काही जमत नाही. हे जो पाळत नाही त्याला मी माणूस समजत नाही, असंही सांगितलं.

शेजारच्या टेबलावर एकदम शांतता पसरली. माझ्या बोलण्यात वजन आहे.

२० फेब्रुवारी

मर्टलने बातमी आणली. लॉर्न यंदा मास्तरला नेणार आहे.

मास्तरला! ज्याला रान मी शिकवलं!

जेवलो नाही. म्हणजे नेहमीइतकं जेवलो नाही. मर्टल म्हणाली, अरे, जाऊन सरळ माफी माग ना, तोंड झिजणार आहे का? मी म्हटलं, कशाची माफी? ती म्हणाली, मग बस असाच. बसलो.

२२ फेब्रुवारी

ठरलं. त्या दोघांच्या आधी मी एकटा ऑटर लेकला जाणार. लॉर्न दार उघडेल तर आत शेगडी ढणढणतेय, कॉफी उकळतेय आणि मी बसलोय. काही बोलायचं नाही. नुसता कप पुढे करायचा.

नवी कुऱ्हाड आणली. फार देखणी आहे.

२६ फेब्रुवारी

जाळीच्या बुटांचा सराव. दिवाणखान्यात. बाहेरच्यापेक्षा हे अवघड, कारण टेबलं मधे येतात. दिवा फुटला.

१ मार्च, सकाळी सात

निघालो!

१ मार्च, साडेसात

निघालो नाही. रस्ता संपेपर्यंत स्नोमोबाइल ट्रकवर न्यायची होती, तर ट्रकच सुरू होईना. इथे रात्रभर गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवावं लागतं, एवढं मला कळतं. वायर मी गाडीला जोडलीच होती. भिंतीकडचं टोक मर्टलने बघायला नको?

४ मार्च

हवामानाचा अभ्यास चालू आहे. घाई करणारा माणूस रानात टिकत नाही. मर्टलने विचारलं, आज पण अभ्यासच का? दुर्लक्ष केलं. शनिवारी लॉर्न आणि मास्तर निघणार.

८ मार्च, संध्याकाळ, ऑटर लेक

पोचलो. एकट्याने. स्वतःच्या हिमतीवर.

तळ्यापर्यंत स्नोमोबाइल झकास आली. मग ती थोडी खाली गेली. बर्फावर पाणी होतं, वरून दिसत नव्हतं. कोणालाही दिसलं नसतं. स्नोमोबाइल, मागे बांधलेली सामानाची गाडी, कुऱ्हाड सगळं तिथेच रुतलं. उरलेलं चालत आलो. पँट गोठून पत्र्यासारखी वाजत होती. बोटं आहेत की नाहीत ते कळेना. काडेपेटी खिशात नव्हती.

दार ढकललं, तर काय! शेगडीत आग रचून तयार. झिलप्या काडीएवढ्या बारीक, वर कोरडी लाकडं. काडेपेटी बरणीत. दोन्ही तळहातांत काडी धरून ओढली आणि पहिल्याच काडीला भडका.

म्हणजे मी मार्चमध्ये आग रचली होती! मी पहिल्यापासून हेच सांगतोय. नोव्हेंबरात लॉर्नला अंधारात दिसली नसेल.

८ मार्च, जरा वेळाने

इथे फोन चालत नाही. रानात गेलेल्यांचे निरोप संध्याकाळी हेझल रेडिओवर वाचते आणि सगळा मुलूख कान देऊन ऐकतो. झोपडीतला ट्रान्झिस्टर लावला. तिसराच निरोप माझा. ऑटर लेकवर वेंडेल यास मर्टलकडून. तुझी काडेपेटी, चष्मा आणि जेवणाची पिशवी टेबलावर राहिली. लॉर्न सांगतो, शेगडीत आग रचलेली आहे, नुसती पेटव. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस.

शेवटच्या वाक्याला हेझल हसली. रेडिओवर हसतात का कोणी?

आग रचलेली आहे, एवढंच म्हणाली. कोणी रचली ते म्हणाली नाही.

९ मार्च

फोडलेली लाकडं संपली. रात्री ऊब छान वाटत होती म्हणून घालत गेलो. बाहेर ओंडक्यांचा डोंगर आहे, पण ते फोडायचे कशाने? बाहेर वादळ. आग विझली.

लॉर्नने नवी खुर्ची केलेली दिसते. चांगली आहे. पाठ टेकवता येते, डुगडुगत नाही.

९ मार्च, दुपार

खुर्ची उत्तम जळली. मानलं पाहिजे. आता फिटंफाट.

९ मार्च, संध्याकाळ

खुर्ची संपत आली. आता खरंच भीती वाटते आहे. हे लिहिताना अक्षर हलतंय ते थंडीने, पण भीतीही आहे. मर्टलचं ऐकायला हवं होतं. कुठलं ऐकायला हवं होतं ते आठवत बसलो, तर बरीच निघाली.

१० मार्च

लॉर्न आला.

कुत्र्यांचा आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, असं त्याला सांगितलं. आम्ही तेव्हा झोपडीत होतो.

तो एकटाच आला. मास्तरला म्हणे एप्रिलमध्ये नेईन म्हणून सांगितलं. त्याने माझी बोटं एकेक करून बघितली. मग झोपडीभर नजर फिरवली. खुर्चीच्या जागेवर ती बराच वेळ थांबली. बादली उलटी घातली आणि तिच्यावर बसला. मग कॉटखालून कुऱ्हाड काढली आणि म्हणाला, लेका, ही इथे असते. आठ वर्षं इथेच असते.

हे आधी सांगायला काय झालं होतं?

कॉफीचा कप त्यानेच पुढे केला.

१२ मार्च

वादळ चालूच. पत्ते खेळलो. मी हरलो, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, खुर्चीच्या बदल्यात खुर्ची जाळतोस, उद्या बोटांच्या बदल्यात बोटं देशील की काय बाबा! मीही हसलो. बरं वाटलं. किती महिन्यांनी.

संध्याकाळी त्याने मोजे वाळत घातले. त्याचा डावा पाय मी पहिल्यांदाच बघितला. मग शेगडीकडे बघत राहिलो.

टुरिस्ट इकडे कशाला येईल? इथे यायला रस्ताच नाही.

तसं लॉर्नला म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि रस्सा छान झालाय म्हणालो. तो म्हणाला, हो, झालाय खरा.

१४ मार्च

निघालो. त्याने कुत्री जुंपली आणि स्लेजजवळ उभा राहिला. मी म्हटलं, थांब, मला आत थोडं काम आहे.

लाकडं मी फोडली. आग मी रचली. आयुष्यात पहिल्यांदा, हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. वेळ लागला. एक ढलपी उडून कपाळावर बसली. झिलप्या थोड्या जाड झाल्या असतील, मनगटाएवढ्या, पण रचना देखणी होती. काडेपेटी बरणीत ठेवली. बाहेर आलो तेव्हा छाती फुगली होती, स्लेजवर बसल्यावरही खाली जाईना.

अर्ध्या मैलावर लॉर्नने कुत्री थांबवली.

अरे वेंडेल, म्हणाला, हातमोजा राहिला की!

मी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातमोजे हातात होते.

आठ वर्षांत हातांकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. तो लंगडत मागे गेला, बर्फात, तेवढं सगळं अंतर. मी कुत्र्यांजवळ उभा राहिलो. थंडी होती, पण तोंड मात्र तापलं होतं. केव्हातरी तो आला. कोटावर भुसा. मी विचारलं, सापडला का? म्हणाला, सापडला. मी पुढे होऊन त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला आणि म्हटलं, लॉर्न, गेल्या वर्षी मी रचली नव्हती रे.

तो म्हणाला, ठाऊक आहे. स्लेज हलली. बरंच पुढे गेल्यावर मान न वळवता म्हणाला, पुढच्या वर्षी जरा बारीक फोड.

पुढच्या वर्षी, असं म्हणाला.