कानांचा बंदोबस्त

८ मार्च, रविवार

सकाळपासून घरात कुठेतरी चीं असा आवाज येतोय. बारीक, सरळ, न थांबणारा. फ्रिज बंद केला. चालूच. पंखा बंद केला. चालूच. मेन स्विच पाडला तर जया स्वयंपाकघरातून ओरडली, मिक्सरमध्ये चटणी होती. तिला म्हटलं, आपल्या वायरिंगमध्ये फॉल्ट आहे, ऐक जरा. ती मिनिटभर उभी राहिली. म्हणे, मले तं काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं.

बायकोचे कान कमजोर आहेत हे इतक्या वर्षांनी कळलं. वाईट वाटलं.

काल कळंबला वरात होती. आमच्या ‘तुफान धुमाल’ बँडची गाडी म्हणजे स्पीकरची भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून कीबोर्डवर मी. खाली रस्त्यावर ताशे आणि शामचा ढोल. सगळ्यांच्या पुढे मालक नेमसिंग. त्याने मूठ वर करून आवळली की सगळं बंद. पोरं तरुण आहेत, पण असंच चाललं तर एकेकाचे कान जाणार. शामला तर आत्ताच कमी ऐकू येतं. मी हाक मारली की म्हणतो, कवाचा ओ देऊन राह्यलो भाऊ. खोटं बोलतो.

माझे कान एक नंबर. म्हणूनच जबाबदारी माझी. उद्यापासून कानांचा बंदोबस्त. आधी स्वतःवर प्रयोग, मग अख्ख्या ग्रुपला.

११ मार्च

यवतमाळ जिल्ह्यात राहून कानात घालायला बाहेरून काही मागवणं म्हणजे कापसाचा अपमान. जुन्या उशीतून काढला, दोन गोळे वळले, घट्ट बसवले. आरशात पाहिलं. भारदस्त वाटलं.

आई अंगणात तूर पाखडत होती. मला बघून तिने सूप टाकलं आणि रडायलाच लागली. म्हणे, जित्या माणसानं कानात रुई घालून फिरू नये रे बाप्पा, थे मेल्यावर घालतात. शेजारच्या रुक्माबाई धावत आल्या. कोण गेलं, कोण गेलं.

दुपारी डावा गोळा निघेना. जयाने चिमट्याने काढला. काढताना काहीतरी पुटपुटत होती. स्पष्ट बोलत जा, म्हणून सांगितलं.

निष्कर्ष: कापसाने आवाज थांबत नाही. माणसं जमतात.

१५ मार्च

मेडिकलमधून फोमचे प्लग आणले. केशरी. मैत्रेयीने पाकिटावरचं वाचून दाखवलं. पोरगी अकरावीत आहे, इंग्रजी पक्कं. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचा. हे सगळं नवशिक्यांसाठी असतं. मी सरळ घुसवले.

वरातीत पहिल्याच गाण्याला उजवा पडला. दुसऱ्या गाण्याला डावा कोणाच्या तरी फेट्यात गेला. शाम म्हणे, भाऊ, तुमच्या कानातून गाजर बाहेर येऊन राह्यले व्हते.

कंपनीने साईज चुकीची दिली आहे.

१८ मार्च

आज नवीन जोडी. वळून, कान ओढून, दाबून, सगळं पाकिटावर आहे तसं. काय शांतता! राळेगावच्या भर बाजारातून वरात, आणि मला फक्त छातीत धप धप आणि स्वतःचे दात. डोळे मिटले आणि वाजवत सुटलो. असा हात बऱ्याच दिवसांत चालला नव्हता. मधे वाटलं की बाकीच्यांनी वाजवणं बंद केलंय, मला सोलो दिलाय. मग काय, नाचाची चाल अशी घेतली की बस.

डोळे उघडले तर सगळा रस्ता माझ्याकडे बघत होता. कोणी हलत नव्हतं. नवरदेवसुद्धा घोड्यावरून वळून बघत होता. नेमसिंगची मूठ वर होती, आवळलेली. कधीची होती कोण जाणे.

समोरून प्रेतयात्रा चालली होती.

नंतर मी त्या घरच्या माणसांच्या पाया पडलो. एक म्हातारे हात जोडून म्हणाले, जाऊ द्या, आमच्या बाबाले धुमाल आवडेच. रडत होते की हसत होते, कळलं नाही.

ही चूक प्लगची नाही. प्लग फारच चांगले निघाले.

१९ मार्च

नेमसिंगने बोलावलं होतं. मला वाटलं रागावेल. अजिबात नाही. बराच वेळ जमिनीकडे बघून बोलला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता तुले वरी बसवतो.

वरी! म्हणजे गाडीच्या टपावर, सगळ्यांच्या वर. मोठ्या शहरातल्या ग्रुपमध्ये कीबोर्डवाला तसाच बसतो. शेवटी सोलोची कदर झाली. जयाला सांगितलं. ती म्हणे, नेमसिंगभाऊ असं म्हणले? नीट ऐकलं ना तुमी? हिच्या मनात कायम शंका.

वायरिंगवाला आला होता. हॉलची अर्धी वायर बदलली. चीं चालूच.

२४ मार्च

पार्सल आलं. आता खरा माल. हे खास वाजवणाऱ्यांचे प्लग, आत बारीक फिल्टर. आवाज बंद करत नाहीत, सगळा सारखा कमी करतात, ढोलही आणि बासरीही. पारदर्शक आहेत, कोणाला दिसतही नाहीत. कानात काही आहे असं वाटतसुद्धा नाही.

मैत्रेयी जयंतीच्या कार्यक्रमात विहारासमोर गाणार आहे. गाणं तिनेच लिहिलंय. रोज माझ्यासमोर बसून तयारी करते. आज प्लग घालून ऐकलं. उत्तम.

२७ मार्च, दुपारी

नाही. उत्तम नाही. सकाळपासून प्लग घालून बसलोय आणि वरचा आवाज पार खाऊन टाकतात. मैत्रेयी गायला बसली तर तिचे स, श, फ गायब. दोनदा रागावलो, शब्द चावू नकोस म्हणून. तिसऱ्यांदा ती वही मिटून उठून गेली. पोरीचा काय दोष? प्लगच खराब.

कंपनीला मोबाईलवर लांबलचक अभिप्राय लिहिला. एक स्टार. मी व्यावसायिक कलाकार आहे, माझे कान फसत नाहीत, असं स्पष्ट लिहिलं.

२७ मार्च, संध्याकाळी

जया कपडे धुवायला बसली होती. कालच्या शर्टाच्या खिशातून डबी काढून माझ्यापुढे ठेवली. दोन्ही प्लग आत.

कानात बोट घालून पाहिलं. खरंच नव्हते.

म्हणजे काल काढले ते परत घातलेच नाहीत. यात नवल नाही. चांगल्या वस्तूचा परिणाम ती काढल्यावरही राहतो. कानाला सवय लागत असणार. अभिप्राय बदलून पाच स्टार केले.

जयाला हे समजावलं. ती बादलीकडे बघत होती.

२९ मार्च

कळंबला हळद. वेळेआधीच पोचलो आणि सरळ टपावर चढलो. गादी घेऊन गेलो होतो. खाली गाडीत बघतो तर माझ्या कीबोर्डवर ऋतिक. नेमसिंगचा भाचा. चांगला वाजवतो. तसा बरा.

नेमसिंग खालून हातवारे करून बोलत होता. मी वरून म्हटलं, इथंच आणून द्या, स्टँडसकट. शेवटी शाम वर चढला. माझ्या कानाशी तोंड लावून बोलला. भाऊ, वरी नाही. घरी. नेमसिंगभाऊ म्हणले व्हते, आता तुले घरी बसवतो. कानाचं दाखवून घे, मंग ये.

टपावरून उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. सगळा मांडव बघत होता. हळदीच्या बायका तेवढ्यात गाणं म्हणायच्या थांबल्या, की मलाच ऐकू येईना, सांगता येत नाही.

चिंतामणीच्या देवळापर्यंत चालत गेलो, चालत आलो. पुन्हा गेलो. एसटी लागेपर्यंत बसवेना.

३१ मार्च

घरी. दार उघड, दार लाव. आई म्हणे, एका जागी बस रे, माह्या पायात येऊन राह्यला.

ठरवलं की दाखवूनच टाकायचं. मला शंका आहे म्हणून नाही. नेमसिंगच्या तोंडावर कागद फेकायला.

२ एप्रिल

यवतमाळ. कानाच्या डॉक्टरीण बाई. वयाने लहान, पण चेहरा शाळेतल्या बाईंसारखा. एका छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं. पहिले दोन-तीन ऐकू आले आणि मला त्यातली लय सापडली. कलाकार माणूस. पुढे तालात दाबत गेलो, एकही मात्रा चुकवली नाही.

बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, काका, मध्ये मी मशीन थांबवलं होतं. तेव्हाही तुम्ही दाबत होता.

पुन्हा बसवलं. या वेळी जयाला काचेतून माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिलो. फार वाट बघावी लागली.

कागदावर रेघ सुरुवातीला बरी चालली होती, मग विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. बाई म्हणाल्या की गेलेलं परत येत नाही. स, श, फ, पाखरांचे आवाज, मुलींचे आवाज, तेच आधी जातात. चीं वायरिंगमध्ये नाही, कानात आहे. वाजवताना प्लग घालाच, उरलेलं टिकेल. आणि एरवी ऐकण्याचं मशीन लावा. आधी का नाही घातले, असं विचारलं. मी म्हटलं, मी प्लगमधला जाणकार आहे.

येताना जया खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी तिला समजावलं की असल्या यंत्रांचं मोजमाप शहरातल्या लोकांप्रमाणे असतं. धुमालवाल्याचा कान वेगळा असतो. कानाचं मशीन म्हाताऱ्यांसाठी. ती काहीतरी म्हणाली. गाडीचा आवाज फार होता.

७ एप्रिल

शाम आला होता. नेमसिंगने सगळ्या ग्रुपला प्लग आणलेत. आधी पोरं हसली, आता काढत नाहीत. शाम म्हणे, रातभर जे डोक्यात वाजे थे बंद झालं भाऊ, तुमच्यामुळं. ऋतिकही घालतो.

म्हणजे माझी मोहीम यशस्वी. आनंद झाला पाहिजे. संध्याकाळपर्यंत अंगणात फेऱ्या मारल्या.

१४ एप्रिल

जयंती. विहारासमोर स्टेज, निळ्या पताका, अख्खी वस्ती. मी पहिल्या रांगेत, स्पीकरच्या अंगाला. प्लग नीट बसवलेले, दोनदा तपासले.

मैत्रेयी पांढऱ्या साडीत आली. जयाची साडी. गायला लागली. मान वर करून गात होती, गळ्याची शीर दिसत होती. मागून लोक जोरजोरात ओरडत होते, काही उभे राहिले. एवढी दाद मी आयुष्यात कुठल्या वरातीत पाहिली नाही. मीही उभा राहिलो. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडेच आली. डोळे लाल. माझा प्लग तिने स्वतःच्या हाताने काढला आणि कानाशी वाकून विचारलं, बाबा, तुमाले तरी ऐकू आलं का दुसरं कडवं? तुमी पुढंच होते.

मी म्हटलं, काय विचारतेस! शब्द न् शब्द. आणि ती वरची पट्टी लावलीस ना, त्याला तोड नाही.

ती मग म्हणाली, माईक बंद पडलता बाबा. लोकं आवाज नाही, आवाज नाही म्हणून ओरडून राह्यले व्हते. मले रडू येऊन राह्यलं व्हतं, म्हणून वरची पट्टी मी घेतलीच नाही.

रागावली नाही. प्लग माझ्या हातात दिला आणि खुर्च्या उचलायला गेली.

१५ एप्रिल

सकाळी मैत्रेयीला म्हटलं, कालचं दुसरं कडवं म्हणशील का? समोर बसून म्हणाली. जिथे ऐकू आलं नाही तिथे हात वर करायचा असं ठरवलं होतं. बऱ्याचदा केला. ती प्रत्येक वेळी थांबली, मला तोंड दिसेल असं वळून तो शब्द पुन्हा म्हणाली. एवढं चांगलं गाणं लिहिलंय पोरीने, मला माहीतच नव्हतं.

मशीन आणायला यवतमाळला जायचं. जया दारात चपला घालताना काहीतरी म्हणाली. मी पण येते, असं असावं.

विचारून घेतो.