चालक आढळला नाही

आसेगाव, १६ मे

रा. रा. उत्कर्षराव जावईबापूंना उत्तमरावाचा मानाचा नमस्कार. पुण्यात तुम्ही आणि आमची राधिका सुखरूप असालच. इथे माझी प्रकृती ठणठणीत आहे. बिघडला आहे तो तुमच्या कंपनीचा बिजलीचा ट्रक. जावयावर रागावण्याची आपल्यात रीत नाही, म्हणून पुढचा सगळा राग गाडीवर समजावा.

सोमवारी गाडी अंगणात चार्जिंगला होती आणि तुम्ही लोकांनी पुण्यात बसून तिच्यात नवा अपडेट घातला. मला विचारलं नाही. (आमच्याकडे बैलाला नाल ठोकायच्या आधीसुद्धा मालकाला विचारतात.) मंगळवारी सकाळी गवार-भेंडी भरून कारंज्याला निघालो. एसी लावला की बॅटरी उतरते, म्हणून काचा खाली आणि तोंडाला दुपट्टा, हा मे महिन्यात इथल्या प्रत्येक शहाण्या माणसाचा पोशाख. तर गाडीतली बाई (आवाज गोड, स्वभाव नाही) म्हणते, 'चालक आढळला नाही.' नव्वद किलोचा माणूस स्टिअरिंग धरून बसलाय, आणि आढळला नाही! गाडी आपली आपण कडेला जाऊन उभी. दुपट्टा सोडून निघालो तर म्हणते, 'लक्ष रस्त्यावर ठेवा.' बत्तीस वर्षं गाडी हाकणाऱ्याला! तेवढ्यात कारंज्याच्या फय्याज आडत्याचा फोन, "उत्तमभाऊ, तुमी भेंडी आणून राह्यले का वाळवून राह्यले?"

बरं, गाडीचं खातं राधिकाच्या नंबरवर, त्यामुळे ही सगळी चहाडी थेट तिच्या फोनवर. संध्याकाळी तिने हुकूम सोडला की बाबा, आता ड्रायव्हर ठेवा. तुमच्या सासूबाईंनीही लगेच मान डोलावली. स्टिअरिंग सुटलं तर मी दिवसभर करू काय, भेंडी मोजू? तरी हा अपडेट आजच्या आज काढावा.

तुमचा मान राखून,
उत्तमराव

ता. क. सासूबाई मळ्यात गेल्या, म्हणून पुढचं लिहितो. बुधवारी मुद्दाम एसी लावून, तोंड उघडं ठेवून गेलो. वाटेत गाडीने एकदम ब्रेक मारला. शिव्या घालत उतरलो, तर पुढ्यात हातभर अंतरावर शेजारची वच्छलाबाई, डोक्यावर सरपण. मला ती दिसलीच नव्हती. दिवाळीपासून उजव्या डोळ्यापुढे सगळं धुरकट आहे.

आणखी ता. क. अपडेट राहू द्या. पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्या, मी एसटीने येतो. राधिकाला मीच सांगेन. घरी कंबर धरल्याचं निमित्त करून गाडी पुतण्या जगदेवच्या हाती दिली आहे. तीन दिवस झाले, गाडीतल्या बाईने त्याला एकदाही टोकलेलं नाही. तेवढं मात्र मला सहन होत नाही.