बावीसच्या उजवीकडची जागा

मंगळवार, ९ जून
सकाळचे सात

प्रिय भिंगवाली,

तू बरी असशील असं धरून चालतो. मी बरा आहे असं तू धरू नकोस.

माझं सगळं बदललं ते गेल्या सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी, बाराला वीस मिनिटं कमी असताना. करवत थांबली, माझ्या वेल्डिंगच्या जोडाचे दोन तुकडे टेबलावर पडले, तू ते घासलेस, भिंग डोळ्याला लावलंस आणि म्हणालीस, "भोक आहे." दोनच शब्द. आठ महिने रुसायला मला तेवढे पुरले.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. हरवल्याचा बहाणा करणार नाही. "फोनवर तू लगेच भांडतोस, कागदावर भांडायला जरा वेळ लागतो, म्हणून लिहितेय," हे मात्र पहिल्याच ओळीत लिहायची गरज नव्हती.

आधी इकडची खबर. पाहुणे मास्तर अजून इथेच आहेत. त्यांच्या देशातल्या संस्थेने आपल्या वर्कशॉपशी केलेला करार आणखी दोन वर्षं वाढवला. आपले जुने सर जोडावर हातोडीने टकटक करून "चालेल" म्हणायचे, आठवतं? परवा त्यांनी स्वतःचाच जोड कापायला लावला, भिंगातून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "नाही चालणार." सगळं वर्कशॉप हसलं. तेही हसले. पाहुणे मास्तर आता आपली भाषा बोलतात. "घाई नको" हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते माझ्याकडे बघूनच म्हणायचं असा त्यांचा नियम आहे.

घरी बाबा अजून आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते तिला म्हणतात, "त्याला विचार, पंखा बंद करू का." कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, ते त्यांच्या घशाखाली उतरत नाही. हाताला काहीतरी यायला हवं म्हणून सोडलं, असं मी घरी सांगितलं. तुला खरं सांगतो. कॉलेजच्या बसथांब्यावरून वर्कशॉपचं फाटक दिसायचं, आणि रोज सकाळी एक मुलगी निळा कोट धावता धावता अंगावर चढवत आत शिरायची. एक बाही कायम मागे लोंबत असायची. तिसऱ्या आठवड्यात मी बसमध्ये चढलोच नाही.

लंबू कसा आहे? माझ्या जागेवर तो तुझ्याबरोबर पाहुण्यांच्या देशात गेला, म्हणून आपलं विचारतोय. उंच माणसं तिकडे शोभून दिसत असतील. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. (दे.)

पाहुण्यांची ती पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. प्रत्येक जोडावर दोन आकडे, लोखंडी ठशाने पोलादात ठोकलेले. डावीकडे जोडणाऱ्याचा, उजवीकडे तपासणाऱ्याचा. उद्या जोड तुटला तर जाब दोघांना. बावीस मी, सतरा तू. मला ते लग्नपत्रिकेसारखं दिसायचं. हसू नकोस.

त्या शुक्रवारी बारा वाजता तिकडे शिकायला जाणाऱ्या दोघांची यादी लागणार होती. तुझं नाव पक्कं होतं. मी तुझ्या कानाशी येऊन म्हणालो, "मार ना तुझा सतरा. कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," तू म्हणालीस.

मग मी सगळ्यांदेखत ओरडलो, "हिला एकटीलाच जायचंय!" हेल्मेट आपटलं, काच फुटली. दार आपटलं आणि वर्कशॉपला जाणंच सोडलं. तू निघालीस त्या दिवशी निरोप द्यायलाही आलो नाही. म्हणजे आलो होतो. फाटकासमोरच्या खांबामागे उभा होतो. तुझ्या बॅगेचं एक चाक वाकडं होतं, आणि तू दोनदा मागे वळून पाहिलंस. मी खांब सोडला नाही.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. भोक मला माहीत होतं. पहिल्या थरातच पडलं होतं, या डोळ्यांनी पाहिलं होतं. घासून काढून पुन्हा भरायला अर्धा तास लागला असता, आणि बारा वाजत आले होते. मी त्यावर वरचा थर ओढला, आयुष्यात ओढला नव्हता इतका देखणा. मनात म्हटलं, हिचा माझ्यावर जीव असेल तर आकडा मारेल, नाही मारला तर जीव नाही. परीक्षा माझी होती आणि मी ती तुझीच घेतली. तुला न सांगता. तुझी चूक एवढीच, की तू पास झालीस.

तिसऱ्या पत्रात तू लिहिलंस, की तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी तुझा पहिला जोड नाकारला. तू हात धुवायच्या जागी जाऊन रडलीस, तोंड धुतलंस आणि परत येऊन नवा तुकडा मागितलास. ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी फाटकात जाऊन उभा राहिलो.  पाहुण्यांनी फुटक्या काचेचं हेल्मेट माझ्या हातात दिलं. नवी काच मीच बसवली.

आज नऊला माझी तिकडे जायची परीक्षा आहे. या खेपेला जागा एकच. माझा जोड तपासणार रडूबाई. नवीन आहे, मी नुसता खाकरलो तरी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. काल तिला बजावलं, "मी ओरडलो, हातापाया पडलो, तरी भोक दिसलं तर आकडा मारायचा नाही. कळलं?" तर डोळे पुसत म्हणते, "दादा, एवढं ओरडणार असाल तर मी भोक नसतानाही मारणार नाही." तुझ्याच जातकुळीची निघाली.

तू विचारलंस, तिकडे आणखी एक वर्ष थांबायला सांगताहेत, काय करू? या प्रश्नावर मी चार कागद फाडले. चारही कागदांवर एकच शब्द होता, "ये". करारात लिहिलंय की शिकून आलेल्याने इथे शिकवायचं. तुझ्या टेबलावर मी कुणाला डबा ठेवू देत नाही. तू यावंस असं मला रोज वाटतं, फाटक उघडताना जास्त. पण गेल्या वेळी आकडा मागितला होता, आता वर्ष मागणार नाही. तुझं तू भिंगातून बघ आणि ठरव. मी पास झालो म्हणून थांबू नकोस, नापास झालो म्हणून येऊ नकोस.

त्या जोडाचा एक तुकडा या कागदावर ठेवलाय, उडू नये म्हणून. डावीकडे बावीस आहे. उजवीकडची जागा कोरी आहे. तिथे अजून कुणी काही ठोकलेलं नाही, ठोकू देणारही नाही.

साडेआठ झाले. आत्ता बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग, घाई करू नको म्हणावं." बघ, तेही पाहुण्यांना जाऊन मिळाले.

निघालो. दार लावतोय. आपटत नाहीये, ऐक.

बावीस