पुढून बटणांचा गाऊन

माझ्या हट्टी धाकटीस,
रागासकट आशीर्वाद.

इथे लेकाकडे माझं छान चाललंय, पण काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला आणि डोकं तडकलं. गोळ्यांनी पापणी उघडी राहायला लागली, म्हणून तू ऑपरेशनच रद्द केलंस? वर त्यांना बजावलंस, "ताईला कळवू नका!"

अगं बाई, पापणी पडणं हे नुसतं लक्षण. गाठ छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत आहे. गोळ्या पापणी सावरतात, गाठ काढत नाहीत. पसरण्याआधी ती पूर्ण काढली तर बहुतेक माणसं बरी होतात, असं डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले ना? तेव्हा मान कशाला डोलावलीस?

गिळताना अजून ठसका लागतो का? खरं सांग.

ऑपरेशननंतर काही आठवडे हात वर करता येत नाहीत, म्हणून तुझ्यासाठी पुढून बटणांचा गाऊन शिवते आहे. कॉन्व्हेंट शाळेत आपल्या वर्गांच्या एकत्र शिवणाच्या तासाला सिस्टरांची नजर चुकवून तुझी काजं मीच करायची, आठवतं? आता रागाने टाके ओढले जातात. तीनदा उसवलं.

पण सातही काजं झाली. तारीख तेवढी तू घे.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
ताई