फुली, गोल आणि नवी करवत

३ फेब्रुवारी

वहीबाई, गेल्या महिन्यात तुला काय सांगितलं, आठवतंय? नाही ना! पोटात सगळं ठेवतेस, डोक्यात काही नाही. बरं, पुन्हा ऐक. मी बोलते, नात लिहिते, आणि तू गप्प राहतेस – या घरात तेवढं एकच माणूस गप्प राहतं.

बातमी अशी की जंगलावर जगणाऱ्या गावांतल्या सॉमिलना सरकार नवी करवत देणार आहे. आधी साहेब येऊन काम बघणार. पसंत पडलं तर करवत, नाहीतर आमची मिल महिनाअखेर बंद. मग तिथे करवत चालवणारा माझा मुलगा शहरात गाडी चालवायला जाणार, बायकोपोरीला घेऊन. म्हणजे नातही चालली. मग तुझ्यात लिहायचं कोणी? मांजराने?

४ फेब्रुवारी

माझं काम तुला ठाऊक असायला हवं, पण सांगते. ओंडका आला की मी ह्यांच्या जुन्या हातोडीने तो ठोकते आणि कान लावते. चांगला असेल तर खडूने गोल. आत पोकळ असेल, किंवा कुंपणाचा खिळा झाडाने गिळलेला असेल, तर फुली. फुलीवर करवत चालवली की तिचे दात पडतात. माझे कधीच पडलेत, म्हणून मला तिची काळजी.

मुलगा म्हणतो, "आई, साहेबांपुढे तू नको येऊस. प्रमाणपत्र मागतील."

बरं बाबा. चाळीस वर्षं नुसती खडू उगाळत होते.

६ फेब्रुवारी

मिलमध्ये झाडलोट. भुशालाही भांग पाडतील आता.

७ फेब्रुवारी

घात झाला. साहेबांना सगळं चकचकीत दिसावं म्हणून मालकाने अख्ख्या वखारीवर पाण्याचा पाइप मारला. बेचाळीस ओंडके न्हाऊमाखू घातले. माझ्या खुणा गटारात.

मुलगा धावत घरी आला. "आई, कुठला कुठला होता, आठवतंय का?"

"मी काय वही आहे?" (रागावू नकोस हं.)

ओला ओंडका मुका असतो, ठोकून उपयोग नाही. उद्या ऊन आलं की बघू. साहेब सकाळी दहा वाजता यायचेत.

८ फेब्रुवारी

साहेब नऊलाच आले. मी एकोणिसाव्या ओंडक्यावर.

"आजी, हे काय चाललंय?"

"दार वाजवतेय. आत कोण आहे विचारतेय."

त्यांच्याकडे पेटीत यंत्र होतं. त्यांनी ते एका जाडजूड ओंडक्याला लावलं. म्हणाले, उत्तम आहे. मी ठोकला आणि फुली मारली. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच फुली मारेल.

"चालवा करवत," साहेब म्हणाले.

मुलगा जागचा हलेना. पातं एकच उरलंय. मी म्हटलं, "हातकरवतीने चिरा. या इथे. घाई कसली आहे?"

वीतभर आत गंजलेली तार निघाली.

साहेबांनी तार बोटाने चाचपून बघितली. मग त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं. "शिक्षण किती, आजी?"

"अक्षरओळखच नाही. ओंडकेओळख आहे."

हसले. मग म्हणाले, "अर्जात प्रमाणपत्रवाला माणूस लागतो. तुम्हाला कुठल्या रकान्यात बसवू, कळत नाही." आणि गेले. करवतीबद्दल ना हो, ना नाही.

मुलगा जेवला नाही. ताट सरकवून उठला. मला चार शब्द ऐकवले असते तर बरं होतं.

१७ फेब्रुवारी

उत्तर नाही. मुलाने माळ्यावरची बॅग काढून पुसली. तो मिलवर गेल्यावर मी ती परत माळ्यावर चढवली. गुडघे अजून बोंबलतायत.

१९ फेब्रुवारी

बॅग पुन्हा खाली. या वेळी सुनेने काढली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२७ फेब्रुवारी

अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. नात घरी आहे, आता तेच पेटीवाले साहेब लिहितायत. साहेब, मी बोलते तसंच लिहा, सुधारू नका.

करवत मंजूर झाली, मुलगा घरीच राहिला. अट एकच होती – तीन महिने मी सरकारी प्रशिक्षण केंद्रात ठोकायला शिकवायचं. चौदा जण आहेत. प्रमाणपत्र सगळ्यांकडे, कान दोघांनाच. पुसून ठेवलेली ती बॅग शेवटी मीच घेऊन आले.

इथलं जेवण ओल्या ओंडक्यासारखं, कशाचीच चव बोलत नाही. तेव्हा वहीबाई, तुझं हे एक पान फाडून घरी धाडतेय, दुखलं तर सोस. सूनबाई, भाजलेले शेंगदाणे पाठव. माझे कुटून. साहेबांचे अख्खे – त्यांना दात आहेत.