शेवटच्या पानावरचं हसू

११ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. बाबांचा खोकला कमी झालाय, गॅलरीचं गळकं छत दुरुस्त झालं. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर बाबा अंगावरून काढत नाहीत, धुवायलासुद्धा.

तुझा निरोप मिळाला. आईच्या स्मरणिकेत, शेवटच्या पानावर तिच्या फोटोखाली हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह बघून तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली म्हणे. मामांनीही फोनवर माझी खरडपट्टी काढली. "अगं, आईची स्मरणिका आहे ती, चॉकलेटचा कागद नव्हे." तू म्हणतोस, सगळ्या प्रती परत घे आणि तिथे आईचा संदेश म्हणून तुझं वाक्य टाकून नव्याने छाप. 'सर्वांनी एकमेकांना धरून राहावे, हीच माझी इच्छा.'

मी छापणार नाही.

ते वाक्य आईचं नाही, दादा. तू लिहिलंस. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पण म्हणून ती गप्प नव्हती. तेव्हा छापखान्यात माझ्याकडे गणिताच्या पुस्तकाची अक्षरजुळणी होती, चिन्हांचे सगळे फॉन्ट हाताशी होते. त्यातून मी तिच्यासाठी एक तक्ता केला. पाणी, खिडकी, कूस बदल, दुखतंय. हसरा चेहरा काही मनासारखा मिळेना, म्हणून वर्तुळात दोन टिंबं ठेवली आणि खाली कंस आडवा केला. मालक मागून बघत होते. "पगार याचा घेतेस होय?" मी म्हटलं, "हो."

तो चेहरा म्हणजे 'बरं वाटतंय'. पण आत्या उपदेश करायला लागली की आई त्यावर बोट ठेवायची आणि डोळ्यांनी दार दाखवायची. आत्या समाधानाने घरी जायची. मग आई वाकड्या झालेल्या तोंडाने खरंच हसायची. ते हसू मी पाहिलंय, त्यामुळे लोक काय म्हणतील ते मला सांगू नकोस.

हे लिहिणार नव्हते, पण आता राहवत नाही. तक्त्यावर एक विमानही होतं. विमान म्हणजे तू. रोज दुपारी ती त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "निघालाय." तू फोनवर मला नुसतं "बघतो" म्हणायचास. शेवटच्या दिवशीही तिने विमान दाखवलं. मी तेच खोटं बोलले. तिचं बोट हळूहळू सरकत हसऱ्या चेहऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. ते तिचं शेवटचं बोलणं. त्यातलं मी अर्धंच छापलं, तुझी लाज राखायला.

पुन्हा छापायचंच असेल तर कळव. दोन्ही चिन्हं छापीन, तिने दाखवली त्याच क्रमाने. तुझं वाक्य मात्र माझ्या हातून जुळणार नाही.

बाबांना अजून बोलता येतं. त्यांना फोन कर.

रागावलेली, तरी तुझीच
छोटी